बंदरांवरचे व्यापारी बोर्ड गेम: माल महत्त्वाचा की जहाजातली जागा?

कोठीवाला (धागाकर्ता)

गेल्या आठवड्यात प्युर्टो रिकोचा एक डाव असा हरलो की दोन दिवस डोक्यातून जात नव्हता, म्हणून हा धागा काढतोय. जरा सविस्तर लिहितो, चालवून घ्या.

चौघं खेळत होतो. मी तंबाखूच्या मागे लागलो होतो. तीन मळे, तंबाखूचं कोठार, सगळीकडे माणसं बसवलेली, सगळं जागच्या जागी. मग मी उत्पादनाची भूमिका घेतली, माझी तीन पिंपं आली आणि ती भूमिका घेतली म्हणून वरचं एक, अशी चार पिंपं तंबाखू समोर मांडून बसलो. जहाजं पाच, सहा आणि सात पिंपांची. पाचाच्या जहाजात आधीची नीळ अर्धवट भरलेली, साताच्यात मका, फक्त सहाचं रिकामं. माझ्या मनात ते सहाचं जहाज माझंच होतं. पण माझ्या डावीकडच्याने लगेच कॅप्टन (म्हणजे जहाजं भरायची भूमिका) घेतला आणि त्या रिकाम्या जहाजात साखरेची दोन पिंपं ठेवली. दोनच! झालं, आता त्या जहाजात साखरेशिवाय काही जाणार नाही, नीळवाल्यात नीळच, मकावाल्यात मकाच. बाजारघराकडे बघावं तर तिथे कोणीतरी आधीच तंबाखू विकून ठेवलेला, म्हणजे दुसरा तंबाखू तिथेही घेत नाहीत. वखार बांधलेली नव्हती. नियमाप्रमाणे एक पिंप ठेवलं, तीन परत केली.

आणि ज्याने सगळा वेळ नुसता मका पिकवला त्याने त्याच फेरीत तीन पॉइंट घेतले. मक्याला कारखानाही लागत नाही. बाजारात मक्याला शून्य भाव आणि कॉफीला चार, पण जहाजात चढवल्यावर मक्याचं पिंप पण एक पॉइंट आणि कॉफीचं पण एकच. हे मी शंभरदा वाचलं असेल, कळलं त्या दिवशी.

तर माझं म्हणणं असं आहे की बंदरांवरचे जे खरोखर चांगले व्यापारी गेम आहेत त्यांच्यात माल मिळवणं हा सोपा भाग असतो, माल कोणीही मिळवतो, खरी टंचाई असते ती जहाजातल्या जागेची, धक्क्याची, ज्या इमारतीत काम करून घ्यायचंय तिथे आत्ता उभं राहायला मिळण्याची. जो गेम ही टंचाई नीट बांधतो तो बंदराचा गेम, बाकीचे नुसते बंदराचं चित्र असलेले गेम. मोनोपॉलीत कसं, जागा एकदा विकत घेतली की कायमची तुमची. बंदरात जागा दर फेरीला नव्याने मिळवावी लागते.

इथे बरेच जण ले हाव्र, गोवा, इस्तंबूल, मेडिची वगैरे खेळलेले आहेत असं जुन्या चर्चांवरून दिसतं. तुम्हाला काय वाटतं? उदाहरणं देऊन लिहा, नुसतं सहमत-असहमत नको.

---

फासेवाली

कोठीवाला, तुमची चूक तंबाखूची नाही हो, उत्पादन कधी घेतलं त्याची आहे. उत्पादनाची भूमिका घेतली की चौघांनाही माल मिळतो, तुम्हाला फक्त एक पिंप जास्त. आणि लगेच पुढची निवड तुमच्या डावीकडच्याची. म्हणजे सगळ्यांचे हात भरून तुम्ही दार त्याच्यासाठी उघडून दिलंत. रिकामं जहाज एकच आहे आणि पुढच्याकडे साखर येणार आहे हे दिसत असताना उत्पादन घ्यायचंच नाही, कोणी दुसरा घेईपर्यंत थांबायचं. भूमिका कोणीच घेतली नाही तर तिच्यावर दर फेरीला एक एक नाणं साठत जातं, कोणाला तरी मोह होतोच.

पण तुमच्या मूळ मुद्द्याशी पूर्ण सहमत, आणि त्याला ले हाव्रसारखं दुसरं उदाहरण नाही. उवे रोझेनबर्गचा गेम, २००८ चा. त्यात माल तर अक्षरशः धक्क्यावर साठत असतो, दर चालीला दोन दोन नग येऊन पडतात, मासे लाकूड माती लोखंड सगळं, आणि तुमच्या चालीला तुम्ही एक अख्खा ढीग उचलायचा नाहीतर एका इमारतीत जायचं. बास. दोनातलं एक. आणि इमारत कोणाचीही असली तरी तुम्ही जाऊ शकता, मालकाला प्रवेशाचं काय ते अन्न किंवा फ्रँक द्यायचे.

आता यातली मेख बघा. इमारतीत शिरलेली तुमची तबकडी, म्हणजे पटावरचा तुमचा माणूस, तुम्ही दुसऱ्या इमारतीत जाईपर्यंत तिथेच राहते. म्हणजे मी कोक बनवायच्या भट्टीत गेले आणि पुढच्या तीन चाली नुसते ढीग उचलत बसले तर तीन चाली ती भट्टी बंद. मालक दुसरा असला तरी तो सुद्धा आत जाऊ शकत नाही! माझी बहीण आणि मी दोघीच खेळतो तेव्हा अर्धा डाव याच्यावरच चालतो, तिच्याकडे कोळसा साठलेला, मला माहितीये तिला भट्टी हवीये, मी मासे उचलतेय. मला मासे नकोच असतात.

आणि भट्टी का एवढी महत्त्वाची ते ज्यांनी खेळलं नाही त्यांच्यासाठी सांगते. एका लोखंडाचं पोलाद करायला पाच ऊर्जा लागते. लाकडात एक ऊर्जा, कोळशात तीन, आणि कोळशाचा कोक केला की दहा. म्हणजे एका कोकवर दोन पोलाद निघतात. लोखंड जहाजाने पाठवलं तर दोन फ्रँक, पोलाद पाठवलं तर आठ. दोन लोखंडांचे चाराचे सोळा झाले ते एका कोकमुळे. तो कोक अडवून धरणं म्हणजे समोरच्याचा अख्खा शेवट अडवून धरणं.

---

गलबत

वाचतोय. ले हाव्र मध्ये कर्जाबद्दल कोणीतरी लिहा, मी दर वेळी घाबरून कर्ज घेत नाही आणि दर वेळी शेवटचा येतो.

---

फासेवाली

गलबत, घ्या बिनधास्त! चार फ्रँक मिळतात, फेडताना पाच. आणि व्याज जे आहे ते कितीही कर्जं असली तरी एकदाच एक फ्रँक, जहाज व्याजाच्या खुणेवर आलं की. एक कर्ज असो वा सहा, व्याज तेवढंच. त्यामुळे एक घेतलंत तर दुसरं घ्यायला काहीच हरकत नाही. सुरुवातीला सगळ्यांना जेवू घालायचं म्हणून मासे वेचत बसण्यापेक्षा कर्ज काढून खाऊ घालावं आणि त्या चाली इमारत बांधण्यात घालवाव्यात. पुढे जहाजं आली की दर फेरीचं अन्न जहाजंच भागवतात. शेवटी पोलादाच्या एका खेपेत सगळी कर्जं फिटतात.

---

मतलई

धागा आवडला. पण कोठीवाल्यांचा मुद्दा मला अर्धाच वाटतो. जागा हे खरंच, पण बंदरात जागेपेक्षा मोठी टंचाई वेळेची असते आणि ती फार थोड्या गेममध्ये दिसते.

गोवा घ्या. रुडिगर डॉर्नचा, २००४ चा. आले, मिरी, लवंग, जायफळ, दालचिनी असे पाच मसाले, सोळाव्या शतकातले पोर्तुगीज व्यापारी, आठ फेऱ्या, प्रत्येक फेरीत आधी लिलाव आणि मग तीन तीन कामं. गेम म्हणून सुंदर आहे, मी अजून कंटाळलो नाही. पण त्यात वारा नाही! पोर्तुगीज सेनापती अल्बुकर्कने १५१० मध्ये गोवा घेतल्यावर पुढची कित्येक दशकं त्या बंदराचं सगळं आयुष्य वाऱ्यावर चाललं. लिस्बनहून ताफा मार्च-एप्रिलमध्ये निघायचा, आफ्रिकेला वळसा घालून नैऋत्य मोसमी वाऱ्यावर सप्टेंबरच्या सुमारास गोव्याला, आणि परत निघायचं डिसेंबर-जानेवारीत. उशीर झाला तर मोझांबिकला अडकून पडायचं, पुढचा वारा येईपर्यंत. वखारीत मिरी भरलेली, जहाज धक्क्याला लागलेलं, जागा आहे, खलाशी आहेत, आणि तरी निघता येत नाही. गेममध्ये मात्र जहाज कधीही हलतं.

याच्या उलट मकाव. श्टेफान फेल्डचा, २००९. लोक त्याला फाशांचा गेम म्हणून बाजूला ठेवतात, मला तो वेळेवरचा सगळ्यात प्रामाणिक गेम वाटतो. सहा रंगांचे फासे पडतात, प्रत्येकाने दोन निवडायचे. ज्यावर एक पडलाय तो फासा घेतला तर त्या रंगाचा एक ठोकळा लगेच पुढच्या वेळी मिळतो. सहाचा घेतला तर सहा ठोकळे मिळतात, पण सहा फेऱ्यांनी. तुमच्यासमोर वाऱ्याचं चक्र असतं, ते दर फेरीला एक घर फिरतं आणि समोर आले तेवढे ठोकळे त्याच फेरीत वापरायचे, उरले ते गेले. म्हणजे आज ठरवायचं की सहा फेऱ्यांनी मला काय लागणार आहे. आणि मधल्या एखाद्या फेरीत काहीच आलं नाही तर वर दंड. माल मागवून सहा महिने वाट बघणाऱ्या माणसाची जी अवस्था असेल ती त्या चक्राकडे बघताना थोडीशी कळते.

म्हणून मी म्हणेन, जागा नाही, वेळ.

---

कोठीवाला

मतलई, वाऱ्याचं वाचून विचारात पडलो. मकाव मी एकदाच खेळलोय आणि तेव्हा हे डोक्यातच आलं नव्हतं, परत काढायला हवा.

तरी थोडा प्रतिवाद करतो. वेळ आणि जागा या बंदरात वेगळ्या नसतात असं मला वाटतं. माझ्या तंबाखूचंच बघा, सहाचं जहाज एक चाल आधी माझं झालं असतं. जागा होती, उशिरा पोचलो.

आणि एक उदाहरण जे कोणी दिलं नाही, मेडिची. क्निझियाचा, १९९५ चा. तीन दिवस, प्रत्येकाच्या जहाजात पाच नग मावतात. पाचच. पत्ते एक ते तीन उघडायचे, ज्याची पाळी त्याने ठरवायचं किती, आणि मग त्या गठ्ठ्यावर सगळ्यांनी एकेकदा बोली लावायची, उघडणारा सगळ्यात शेवटी. ज्याच्या जहाजात तेवढी जागा नाही तो बोलीच लावू शकत नाही. त्यामुळे तुमच्याकडे दोन जागा उरल्यात आणि समोरच्याकडे एक, तर तुम्ही मुद्दाम दोन पत्ते उघडता, म्हणजे तो बाहेर. पत्ता चांगला की वाईट हे नंतर. आणि पैसा आणि पॉइंट एकच आहेत, बोली लावली म्हणजे पॉइंट दिले, त्यामुळे चुकीला माफी नाही.

मेडिची हे फ्लॉरेन्सचं घराणं, आणि फ्लॉरेन्सला समुद्र नाही, तिथे जहाजं कुठून असं कोणीतरी विचारेल म्हणून आधीच लिहितो. फ्लॉरेन्सने १४०६ मध्ये पिसा जिंकून घेतलं आणि १४२१ मध्ये जेनोआकडून लिव्होर्नो बंदर चक्क विकत घेतलं, एक लाख फ्लोरिन मोजून. लोकर होती, कापड होतं, सगळ्या युरोपभर पेढ्या होत्या, नव्हता तो फक्त स्वतःचा धक्का, आणि त्यासाठी एवढी रक्कम टाकायला ते तयार झाले. माझ्या बाजूने याच्याहून चांगली साक्ष नाही.

---

रोकडा

जागा झाली, वेळ झाली, अहो पैशाचं काय? दोघांनीही रोकड गृहीतच धरली आहे.

मी कंटेनर खेळतो, बऱ्याच वर्षांपासून. तो ऐतिहासिक नाही, आजच्या बंदरांचा आहे, २००७ चा, पण बंदरी व्यापाराचा हिशोब कळायला त्याच्यासारखा मास्तर नाही म्हणून इथे आणतोय. सगळे भाव खेळाडूच ठरवतात, बँक भाव सांगत नाही. तुमच्या कारखान्यातला माल तुम्ही स्वतःच्या गोदीत नेऊ शकत नाही, दुसऱ्याने तो विकत घेऊन त्याच्या गोदीत न्यायचा, तिथून तिसऱ्याने जहाजात भरायचा, आणि मग बेटावर बंद मुठीतला लिलाव. आता गंमत ही की टेबलावर नवीन पैसा जवळजवळ एकाच वाटेने येतो. जहाजवाल्याने सगळ्यात मोठी बोली स्वीकारली तर तेवढीच रक्कम बँक वरून घालते. आणि बोली नाकारून माल स्वतःच ठेवला तर तेवढे पैसे तो बँकेत भरतो, म्हणजे ते टेबलावरून कायमचे गेले.

आमच्याकडे एकदा पाचही जणांनी भाव चढे ठेवले, प्रत्येकाला वाटलं माझा माल जाईलच. तिसऱ्या-चौथ्या फेरीनंतर कोणाकडेच पैसा नाही. गोद्या भरलेल्या, जहाजं रिकामी, आणि सगळे एकमेकांकडे बघतायत. भाव कमी करायची चाल कोणाला खर्च करायची नव्हती. शेवटी एकाने दोनच्या भावाने माल सोडला तेव्हा गाडी हलली आणि तोच जिंकला, कारण सगळ्यात आधी त्याच्याकडे रोकड आली.

गोव्यातही हेच बारीक स्वरूपात आहे, मतलईंनी लिहिलंच आहे लिलावाचं, पण पैसा कुठे जातो ते बघा. मी लिलावाला काढलेली गोष्ट दुसऱ्याने घेतली तर पैसे मला. मीच घेतली तर बँकेला. शेवटची बोली माझी असते. म्हणजे समोरच्याने सात लावले की मला ठरवायचंय की आठ घालवून वस्तू घेऊ की सात खिशात घालू. या दोनांत फरक आठाचा नाही, पंधराचा आहे! नवीन खेळणारे हा पंधराचा फरक बघत नाहीत, मग चौथ्या फेरीला कफल्लक होतात.

---

मतलई

रोकडा, पंधराचा फरक हे फार नेमकं सांगितलंत. मी गोव्यात लिलावाला काढलेली स्वतःचीच वस्तू घ्यायची सवय लागलेला माणूस आहे, आता कळलं का हरतो ते.

भावांचा विषय निघालाच आहे तर नावेगादोर पण बघा, माक गेर्डट्सचा २०१० चा. साखर, सोनं, मसाले. वसाहतीतला माल विकला की भाव उतरतो, कारखान्यातून प्रक्रिया केली की भाव चढतो. म्हणजे वसाहतवाला आणि कारखानेवाला एकमेकांचे शत्रू नसून एकमेकांवर जगतात. शेजारी साखर विकत सुटला की आपण साखरेचे कारखाने घ्यायचे. इतक्या सोप्या नियमात बाजार इतका जिवंत झालेला मी दुसरीकडे पाहिला नाही.

---

नवखी_खेळाडू

नमस्कार, मी नवीन आहे या प्रकारात. कॅटन आणि तिकिट टू राइड एवढंच खेळलेय. इथलं वाचून खूप उत्साह आला पण सुरुवात कुठून करू? आम्ही घरी तिघं असतो, कधी दोघंच. ऊर्जा, कर्ज, बंद लिलाव वगैरे वाचून थोडं दडपण आलंय खरं सांगायचं तर.

---

फासेवाली

अगं दडपण घेऊ नकोस, इस्तंबूलपासून सुरुवात कर. तो पण डॉर्नचाच, २०१४ चा, त्या वर्षी त्याला जर्मनीचा केनरश्पील, म्हणजे मुरलेल्या खेळाडूंसाठीच्या गेमचा पुरस्कार मिळाला होता. सोळा जागांचा बाजार, तू एक व्यापारी, तुझ्यासोबत मदतनीसांची एक चळत. जिथे काम करायचं तिथे एक मदतनीस सोडायचा नाहीतर आधी सोडलेला उचलायचा. मदतनीस संपले की तू कितीही श्रीमंत अस, काही करता येत नाही, मागे फिरून माणसं गोळा करावी लागतात. गाडीत सुरुवातीला प्रत्येक मालाचे दोनच नग मावतात, गाडी वाढवायला पैसे. आणि ज्या जागी दुसरा व्यापारी उभा आहे तिथे गेलीस तर त्याला दोन लिरा. पाच माणकं आधी गोळा करेल तो जिंकला, दोघंच असाल तर सहा. तासाभरात संपतो आणि हरलं तरी परत लावावासा वाटतो.

मग तिघं असाल तेव्हा प्युर्टो रिको, आणि दोघींना निवांत वेळ असेल तेव्हा ले हाव्र. दोघांत ले हाव्र जास्त बोचरा होतो हे माझं अनुभवाचं मत. कंटेनर आत्ता नको, त्याला कमीत कमी तिघं लागतात आणि खरी मजा पाचात.

---

निळीचं_पिंप

सगळी चर्चा वाचली, छान चालली आहे, पण मला एक गोष्ट बोलायचीच आहे. जागा, वेळ, पैसा, तिन्ही झालं. माणसाचं कोणीच बोललं नाही.

कोठीवाल्यांनी पहिल्याच पोस्टमध्ये लिहिलंय "सगळीकडे माणसं बसवलेली". प्युर्टो रिकोच्या मूळ २००२ च्या आवृत्तीत ही माणसं म्हणजे तपकिरी रंगाच्या लाकडी चकत्या. जहाजातून येतात, मळ्यावर ठेवायच्या, की ऊस आणि तंबाखू पिकतो. नियमपुस्तकात त्यांना वसाहतकरी म्हटलंय. त्या बेटावरच्या ऊसमळ्यांत गुलाम राबत होते आणि तिथली गुलामगिरी १८७३ साली संपली. मी हा गेम पहिली पाच-सहा वर्षं आनंदाने खेळले, मग एकदा माझ्या भाचीने, अकरा वर्षांची असेल, चकती हातात घेऊन विचारलं, मावशी यांना पगार किती द्यायचा? नियमात पगार नाहीच. मला उत्तर सुचलं नाही आणि त्यानंतर मी ती चकती पूर्वीसारखी नुसती चकती म्हणून उचलू शकले नाही.

हे कोणाला दोष द्यायला लिहीत नाहीये. गेमचं यंत्र अप्रतिम आहे. पण ज्या टंचाईबद्दल आपण एवढं बोलतोय, जहाजातली जागा, ती जागा माणसांनी सुद्धा भरली जात होती.

---

गलबत

तुमचं म्हणणं पटतं, पण गेमने सगळा इतिहास सांगायचाच असं नाही ना? तो गेम आहे, पाठ्यपुस्तक नाही. बुद्धिबळात प्यादी मरतात, आपण त्यांच्या घरच्यांचा विचार करत नाही.

---

निळीचं_पिंप

गलबत, बुद्धिबळाने कुठल्या शहराचं नाव घेतलेलं नाही, कुठल्या पिकाचं नाही. ज्या क्षणी पेटीवर खऱ्या बेटाचं नाव लिहिलं, त्या क्षणी तिथल्या माणसांशी संबंध आलाच. मला सगळा इतिहास नको. निदान खोटा नको.

आणि प्रकाशकांनाही हे जाणवलंय. २०२२ मध्ये प्युर्टो रिको १८९७ नावाची आवृत्ती आली, तीत काळच बदलला. स्पेनने बेटाला स्वायत्तता दिली ते वर्ष घेतलं, म्हणजे गुलामगिरी संपून चोवीस वर्षं झालेली. डावपेच तसेच, कोठीवाल्यांचा तंबाखू तिथेही कुजेल. मोंबासाचं याहून पुढचं, तो २०१५ चा गेम, आफ्रिकेतल्या व्यापारी कंपन्यांच्या शेअर्सचा, २०२२ मध्ये स्कायमाइन्स म्हणून परत काढला आणि सगळं उचलून अवकाशात नेलं. मला हा दुसरा मार्ग आवडला नाही. नाव पुसलं की प्रश्न सुटला असं होत नाही.

माझ्या मते सरळ उत्तर जॉन कंपनीने दिलंय. कोल वेर्लेचा, ईस्ट इंडिया कंपनीवर, मुंबई मद्रास बंगाल तिन्ही इलाखे आहेत त्यात. तुम्ही कंपनी नसता, कंपनीत चिकटलेलं एक इंग्रज घराणं असता. मुलाला पद मिळवून द्यायचं, त्या पदाच्या जोरावर वचनं विकायची, आणि शेवटी इंग्लंडात प्रतिष्ठा विकत घ्यायची. कंपनी बुडाली तरी तुमचं घराणं जिंकू शकतं! खेळताना तुम्हाला स्वतःच्या हावेचा चेहरा दिसतो. दुसरी आवृत्ती २०२२ ची आहे, नियम भरपूर आहेत, चार तास काढून बसा, आणि बोलणी करायला आवडत असेल तरच.

---

कोठीवाला

निळीचं_पिंप, तुमच्या भाचीचा प्रश्न वाचून मी काल रात्री पेटी उघडून त्या चकत्या बघत बसलो होतो. "माणसं बसवलेली" हे मी ज्या सहजतेने लिहिलं ते आता मला खटकतंय. माझ्याकडे जुनीच आवृत्ती आहे. आमच्या चौघांत हे बोलणार आहे, पुढच्या वेळी डाव मांडायच्या आधी.

मूळ मुद्द्याबद्दल सांगायचं तर मी जागेवर ठाम आहे, फक्त आता त्या जागेत काय काय भरलं जात होतं हेही मोजावं लागेल, ते मी मोजलं नव्हतं.

फासेवाली, तुमचा सल्ला पाळला. परवा एक डाव झाला, उत्पादन एकदाही मी घेतलं नाही. दोनदा दुसऱ्यांनीच घेतलं, कारण त्यावर तीन नाणी साठली होती. सुरुवातीलाच छोटी वखार बांधली, तीन नाण्यांची. दुसरा आलो, पण या वेळी एकही पिंप परत करावं लागलं नाही.

---

नवखी_खेळाडू

मी परत आले! इस्तंबूल अजून मिळाला नाही, पण मैत्रिणीकडे प्युर्टो रिको १८९७ निघाला म्हणून थेट तोच लावला. तिघी होतो, जहाजं चार पाच आणि सहाची. मी तिसऱ्या नंबरला होते म्हणून मला सुरुवातीला मका मिळाला, आणि इथलं वाचलं होतं म्हणून मी मकाच धरून ठेवला, बाकी दोघी साखर आणि कॉफीच्या मागे. मधे एकदा चाराच्या जहाजात मी एकटं एक मक्याचं पिंप ठेवलं तेव्हा मैत्रिणीने डोक्याला हात लावला, तिची कॉफी अडकली होती. मुद्दाम नव्हतं, दुसरीकडे ठेवता येत नव्हतं, पण ठेवल्यावर जे काही वाटलं ते कॅटनमध्ये कधी वाटलं नव्हतं.

एक शंका आहे. मी शेवटी गोदी बांधली, नऊ नाण्यांची. त्यात तिने हरकत घेतली की बाहेरच्या जहाजात मका आधीच चालू असताना मी माझ्या गोदीतल्या जहाजात परत मका भरू शकत नाही. आणि मला मक्याची सातातली चारच भरायची होती, तीन बाजारासाठी ठेवायची होती. बरोबर कोण?

---

फासेवाली

अर्धी तू, अर्धी ती. गोदीचं जहाज बाहेरच्या तीन जहाजांत धरत नाहीत, त्यामुळे बाहेर मका चालू असला तरी तू आत मका भरू शकतेस. कितीही पिंपं मावतात, पण कॅप्टनच्या एका वेळी एकदाच आणि एकाच प्रकारचा माल. मात्र चार भरून तीन ठेवणं चालत नाही, गोदी वापरली की त्या प्रकारचा असेल नसेल तेवढा सगळा माल चढवायचा. सातच्या सात. त्यामुळे बाजारात विकायचं असेल तर आधी व्यापारी (माल विकायची भूमिका) घे, मग कॅप्टनची वाट बघ. आणि मक्याला बाजारात शून्यच मिळतं गं, तो कशाला ठेवत होतीस? भर सगळा जहाजात.